मस्तीची परीक्षा

झाडावर चढलेलं पोरगं दिसलं की मोठी माणसं एक तर ओरडतात, नाहीतर काठी शोधतात. लेनगुरे मास्तर मात्र झाडाखाली जाऊन उभे राहायचे, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे आणि मान वर करून अगदी आस्थेनं विचारायचे, "कुठपर्यंत भेव नाई वाटलं रे बापा?"

वरचं पोरगं गांगरायचं. शिव्या खायची त्याची तयारी असायची, चौकशीची नसायची.

"त्या मोठ्या फांदीपर्यंत नाई वाटलं जी."

"मंग भेव वाटल्यावर वर काऊन गेला?"

"खाली बाळ्या पाहून राह्यला होता न जी."

"अन् बाळ्या नसता तं?"

पोरगं फांदीवर बसल्या बसल्या विचार करायचं. "मंग कायले चढलो असतो?"

एवढं उत्तर मिळालं की मास्तरांना दिवाळी झाल्यासारखं व्हायचं. ते टोपी घालून चालू लागायचे आणि पोरगं मार मिळाला नाही म्हणून जरा हिरमुसूनच खाली उतरायचं.

ही गोष्ट स्वातंत्र्य येऊन चार-सहा वर्षं झाली होती तेव्हाची. चांदा जिल्ह्यात, मूल गावापासून बैलगाडीनं सकाळभराच्या वाटेवर, उमा नदीच्या काठी आमची शाळा होती. सातवीपर्यंतची, जनपद सभेनं चालवलेली, कौलारू. मी वर्ध्याकडची. चांद्याच्या जंगलात नोकरी लागली म्हणजे पोरीला वाघाच्या तोंडी दिली असं आमच्या घरी समजून सगळे रडले होते. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला वाघ आला नाही, लेनगुरे मास्तर आले. शाळेत बाईमाणूस मी एकटीच, त्यामुळे लहान वर्ग, शिवण आणि मुलींच्या सगळ्या भानगडी माझ्याकडे. मास्तरांकडे वरचे वर्ग आणि हेडमास्तरकी. त्यांचं घर माझ्या घराला लागून होतं. मधल्या कुडातून त्यांचं सगळं बोलणं ऐकू यायचं, आणि ते बोलायचे फार.

उंच, किडकिडीत, किंचित वाकलेले. धोतर आणि त्यावर काळा कोट. तो कोट वैशाखातही अंगावर असायचा, कारण खिशांशिवाय त्यांचं चालत नसे. खिशात सुतळी, खडू, शिंप्याची जुनी फीत आणि एक बारका लोलक असलेली दोरी. त्यांना मापायचं वेड होतं. पाऊस आला की अंगणात रॉकेलचा कापलेला डबा, तलाव भरू लागला की पाळीवर खुणा केलेला बांबू. कुणी म्हटलं, "यंदा ऊन लय हाये," तर ते लगेच म्हणायचे, "अंदाज नको, माप सांगा." त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या एकदा भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "मंगळसूत्र घालताना यायनं माही मान मापली असन बाई. मी मान खाली घालून होती म्हणून दिसलं नाई." मास्तर ओसरीवरून म्हणाले, "नाई मापली. तेव्हा अक्कल नव्हती."

हे वेड गमतीचं होतं तोवर सगळ्यांनी गंमत केली. पुढे त्यात गमतीचं काही राहिलं नाही.

गावाच्या वर जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारानं बांधलेला तलाव होता. पाणी सोडायची जी दगडी बांधणी असते तिला तिकडे तुडूम म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटाला तलाव काठोकाठ भरला असताना आमच्या सहावीतला गोविंदा त्या तुडुमावरून पैज लावून उडी मारायला गेला. पैज कसली, तर दोन पेरूंची. तो वर आलाच नाही. त्याला काढला तेव्हा मी तिथे होते. त्याची आई होती. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

सगळे म्हणाले, नशीब. पोट्टा लय मस्तीखोर होता, असंही म्हणाले. दोन दिवसांनी मास्तर शाळेच्या पायरीवर माझ्यापाशी येऊन बसले.

"बाई, हा पोट्टा तीन वर्षं माह्यासमोर बसला. त्याले भागाकार किती येते हे मले माहीत होतं. तो मरणाच्या किती जवळ उभा राहते, हे मले माहीत नव्हतं. मंग मी मास्तर कायचा?"

जबलपूरला ट्रेनिंगला असताना कुणा प्रोफेसरानं त्यांना सांगितलं होतं की मुलांची बुद्धी प्रश्न विचारून मोजता येते. बुद्धी मोजता येते तर बेफिकिरी का येऊ नये, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. कोणतं मूल केव्हा जीव धोक्यात घालेल हे आधीच कळलं तर त्याच्यावर नजर ठेवता येईल. त्यांनी त्याला 'बेफिकिरीचं माप' असं भारदस्त नाव दिलं. गावानं त्याचं बारसं दुसऱ्याच दिवशी केलं: मस्तीची परीक्षा.

ती परीक्षा मी पाहिली आहे. पाचवी ते सातवीची सगळी मुलं अंगणात ओळीनं बसवली. मुलगे अलीकडे, मुली पलीकडे. मुली होत्याच किती, एका चटईवर मावतील एवढ्या. प्रत्येकापुढे पळसाच्या पानांचा द्रोण आणि मधे चिंचोक्यांची रास. मास्तर प्रश्न विचारणार. तसं केलं असेल तर आपल्या द्रोणात एक चिंचोका टाकायचा, नसेल केलं तर गप्प बसायचं. लिहायची भानगड नाही म्हणून कच्च्या मुलांवर अन्याय नाही, असा त्यांचा विचार. तुडुमावरून उडी मारली का? आग्या मोहोळाला दगड मारला का? मूलच्या छोट्या रेल्वेच्या चालत्या गाडीतून उतरलात का? साप शेपटीला धरून उचलला का? बिडी ओढली का?

पहिल्या दोन प्रश्नांनंतरच मुलग्यांच्या लक्षात आलं की ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत मार्क मिळवायचे असतात. मग काय विचारता! प्रत्येक प्रश्नाला चिंचोके उडू लागले. ज्यानं आयुष्यात रेल्वे पाहिली नव्हती तोही चालत्या गाडीतून उतरला. एक जण शेजाऱ्याच्या द्रोणातले चिंचोके चोरताना सापडला. बाळ्या नावाचं एक बारीक, काळंसावळं पोरगं होतं, त्याचा द्रोण खरंच कमी भरला, कारण ते खोटं बोलत नव्हतं. त्याला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेच्या कौलांवरून उडी मारली आणि हात मोडून घेतला. संध्याकाळी त्याचा बाप मास्तरांच्या ओसरीवर हजर. मला वाटलं, आता भांडण होणार. तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, हात मोडला त्याचे मार्क अलग भेटतीन का? पोट्टा रडून राह्यला जी."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मी घरात जाऊन पोट धरून हसले.

पण मुलींच्या चटईवर एकही चिंचोका हलला नव्हता. सगळे द्रोण रिकामे. सगळ्या मुली माना खाली घालून, पदर नाहीतर ओढणी हातात पिरगाळत बसलेल्या. मास्तरांना ह्यात काही खटकलं नाही. मुलग्यांच्या आकड्यांचा पार बोजवारा उडाला असला तरी मुलींचा हिशोब स्वच्छ निघाला, ह्याचंच त्यांना समाधान. "पाह्यलं बाई? मुलींत बेफिकिरी नाई. शून्य." मी म्हटलं, "मास्तर, शून्य तर देवातही नसेल." ते म्हणाले, "अंदाज नको."

आणि त्या शून्याचा त्यांनी त्याच वर्षी उपयोग केला. तो पार्बतासाठी केला, म्हणून मी तेव्हा पुढे काही बोलले नाही.

पार्बता नदीपलीकडच्या गावची. वर्ण सावळा, हाडं मजबूत, बोलणं तुटक. सहावीपर्यंत आली होती, आणि आमच्या भागात मुलगी सहावीपर्यंत येणं म्हणजे काय ते ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांनाच कळेल. सातवीची परीक्षा पास झाली असती तर तिला ट्रेनिंगला जाता आलं असतं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. माझ्या पातळाच्या निऱ्या, माझं खडू धरणं ती इतकं निरखून पाहायची की मीच अवघडून जायचे. पण सहावी संपता संपता तिचा बाप डोमाजी म्हणाला, पोरगी मोठी झाली, आता बस. डोमाजी वाईट माणूस नव्हता. थोडीशी धानाची शेती, एक म्हैस, आणि मनात सदा धास्ती. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला जेवढं भ्यावं लागतं त्याहून तो जरा जास्त भ्यायचा.

मास्तर त्याच्या घरी गेले, मलाही घेऊन गेले. बाजेवर बसल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, तो उलगडला, आणि आतून काय काढलं असेल? पार्बताचा रिकामा द्रोण. वाळून कुरकुरीत झालेला.

"डोमाजीभाऊ, हा तुमच्या पोरीचा द्रोण. पोट्ट्यायचे भरून वाहून राह्यले होते. यात एक चिंचोका नाई. अशी पोरगी कुठी जात नाई, कायी करत नाई. तिले माह्या भरोशावर पाठवा."

डोमाजीनं तो द्रोण हातात घेतला, आत पाहिलं, उलटा करून पाहिला. देवाचा प्रसाद घ्यावा तसा परत दिला. "तुमी मापलं म्हणता तं पाठवतो गुरुजी," तो म्हणाला. दारामागे पार्बता उभी होती. तिनं आनंद चेहऱ्यावर दाखवला नाही, फक्त आतल्या बाजूला जाऊन तिनं जोरात काहीतरी पाडलं.

सातवीचं वर्ष सुरू झालं आणि पाऊस लागला. उमेला पाणी आलं की पलीकडची पोरं डोंग्यातून यायची. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद नाव. तो चालवणारा झिंगू स्वतःच्या मनाचा राजा, आणि पाणी जरा लाल दिसलं की तो घाटावर फिरकायचाच नाही. मग पलीकडची मुलं घरीच राहायची. पार्बता मात्र रोज हजर. एकदा मी वर्गात तिच्या जवळून गेले तर तिच्या अंगाला चिखलाचा आणि म्हशीचा वास. छातीपर्यंत ओली, दात वाजत होते.

मी तिला घरी नेलं, कोरडं पातळ दिलं. "झिंगू आला होता?"

"नाई."

"मग?"

"म्हैस होती न. तिची शेपटी धरली का म्हैस नेते बरोबर."

"एवढ्या पाण्यात?"

"खाडा झाला का बाबा म्हणते, जमत नाई तं रायू दे," ती म्हणाली. "मंग कायमचंच रायते न बाई."

"परीक्षेच्या वेळी मास्तरांनी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की मीच खुळी. "त्यायनं उडी मारली का म्हणून इचारलं. मी उडी कुठी मारली? अन् द्रोण तं उघडाच होता. बाजूची पाहून राह्यली होती."

मी तशीच उठून मास्तरांकडे गेले आणि वहिनींसमोर त्यांची खरडपट्टी काढली. म्हटलं, तुमच्या प्रश्नांत पोरांचे खेळ आहेत, पोरींची कामं नाहीत. पोरांचा चिंचोका म्हणजे बक्षीस, पोरींचा म्हणजे बट्टा. चारचौघींत उघड्या द्रोणात कोण टाकेल? मास्तर ऐकत राहिले. एवढी बोलणी खाऊन दुसऱ्या कुणी माझं तोंड पाहिलं नसतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बाई, माप चुकलं. पुन्हा घेऊ. तुमी घ्या."

म्हणून दुसरी परीक्षा माझ्या घरात झाली. दार लावून, फक्त मुलींची. मुलींशी बोलून प्रश्न मी ठरवले. कोपऱ्यात पडद्याआड अरुंद तोंडाचं मडकं ठेवलं. एकेकीनं पदरात चिंचोके घेऊन आत जायचं, जितकं केलं असेल तितके टाकायचे, कुणी पाहणार नाही, कुणाचं नाव नाही. डोंगेवाला नाही म्हणाला तरी नदी उतरलात का? मोहफुलं वेचताना अस्वल दिसलं तरी टोपली भरेपर्यंत थांबलात का? विहिरीत पडलेला पोहरा काढायला आत उतरलात का? अंगात ताप असून धानाच्या रोवण्याच्या चिखलात दिवसभर वाकलात का? मुली हसू लागल्या. ह्यात काय विचारायचं, असं ते हसणं होतं. पार्बतानं पडद्याआडून मला हाक मारली, "बाई, नदीचा एकच टाकू का खेपेखेपेचा येगळा?"

मी म्हटलं, "खेपेखेपेचा." आणि मग मडक्यात चिंचोके पडत राहिल्याचा आवाज आम्ही सगळ्याजणी ऐकत बसलो.

मास्तर बाहेर बाभळीखाली येरझाऱ्या घालत होते. मी मडकं त्यांच्या हातात दिलं तेव्हा ते जड आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ते ओतलं नाही, मोजलं नाही. मापाचं वेड असलेला तो माणूस मडक्यावर हात ठेवून नुसता बसला.

"पोट्टे कोणी पाह्यते म्हणून करतेत," ते म्हणाले. "यायले पाह्यणारं कोणी नाई. बाई, गोविंदावर मी नजर तरी ठेवली असती. यायच्यावर कशी ठेवू? ह्या तं सांगितलेलं काम करून राह्यल्या."

त्यांच्या डोक्यात आलं की हे गावाला सांगायचं. बापांना कळलं की आपल्या पोरी काय काय करतात, तर ते झिंगूला सरळ करतील, घाटावर माणूस ठेवतील, मोहाखाली पोरींना एकट्या धाडणार नाहीत. मी म्हटलं, "मास्तर, नका सांगू." ते म्हणाले, "खरं माप लपवून ठेवायचं?" मी म्हटलं, "हो, लपवून ठेवा." वहिनींनीही सांगितलं. पण सरळ माणसाला अडवणं फार कठीण असतं. वाकड्याला निदान दुसरी वाट दाखवता येते.

आठवडी बाजाराच्या दिवशी, दोन्ही काठचे लोक गावात असतात म्हणून, शाळेच्या अंगणात सभा झाली. मास्तरांनी आधी मुलग्यांचं सांगितलं. बाप लोक खुशीत आले. बाळ्याचा हात कसा मोडला ते त्याच्या बापानं स्वतः उभं राहून पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवलं, आणि लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग मास्तर मुलींकडे वळले. एकीचंही नाव न घेता, शब्द जपून, त्यांनी सगळं सांगितलं. नदी, म्हैस, अस्वल, विहीर. म्हणाले, ह्या पोरी आमच्या पोट्ट्यांपेक्षा जास्त धोक्यात आहेत, ह्यांच्यासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे.

कुणी कुणाकडे पाहिना. एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "केलं पायजे, बरोबर हाये." दुसरा म्हणाला, "उद्याच करू."

त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी मुलींची चटई रिकामी होती. नाव घेतलं असतं तर एकीचीच शाळा सुटली असती. नाव घेतलं नाही म्हणून प्रत्येक बापाला वाटलं, ती आपलीच. मोहाखाली जाणं कुणाचं थांबलं नाही, विहिरीवर जाणं थांबलं नाही, रोवण्यात तर घरच्या हातांशिवाय भागतच नव्हतं. थांबवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती त्यांनी थांबवली. गावातल्या दोघी-तिघी पुढे महिन्याभरानं रडून-भेकून परत आल्या. पार्बता आली नाही.

मास्तर पलीकडे गेले. झिंगूला चहा पाजून डोंगा काढायला लावला. मीही गेले, आणि सगळ्या वाटेत मला त्यांचा राग येत होता. त्यांचे पडलेले खांदे पाहून तो राग कुठे ठेवावा तेही कळत नव्हतं. डोमाजीनं बाज टाकली, पाणी दिलं, आदरात काही कमी केलं नाही. मास्तर म्हणाले, "डोमाजीभाऊ, मी रोज घाटावर येतो. स्वतः तिले नेतो, स्वतः आणून सोडतो. परीक्षा झाली का मंग तुमी म्हणान तसं."

"तुमी लय चांगले हा जी," डोमाजी म्हणाला. "पण तुमी पहिले म्हटलं पोरगी कायी करत नाई, तं मी पाठवली. आता तुमी म्हणता पोरगी मराले निघते, तं घरी ठेवली. मी तुमचंच आयकून राह्यलो न गुरुजी."

"अन् माह्यं माप चुकलं असन तं?"

डोमाजीनं पायाशी पाहत मान हलवली. "खरं हाये. मी तिले इचारलं. खरं हाये म्हणूनच तं ठेवली."

मी माझ्या परीनं बोलले, पुष्कळ बोलले. ट्रेनिंग, पगार, मुलीची हुशारी. डोमाजी प्रत्येक गोष्टीला "हो जी" म्हणत होता, आणि एखाद्या माणसाचं "हो जी" किती घट्ट भिंत असू शकते ते मी त्या दिवशी पाहिलं. तो हट्टानं नाही म्हणत नव्हता. त्याला आपल्या पोरीचं मेलेलं तोंड दिसत होतं, आणि ते त्याला आमच्या मास्तरांनीच दाखवलं होतं.

निघताना पार्बता अंगणाच्या कडेपर्यंत आली. हातात झाडू होता. ती मास्तरांना म्हणाली, "गुरुजी, मी चिंचोके टाकले नसते तं शाळेत राह्यली असती नाई का?"

तिनं ते रागानं विचारलं नाही, रडतही नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. वर्गात गणित अडलं की विचारायची तसंच. इतक्या पोरांना इतके प्रश्न विचारलेल्या त्या माणसाला ह्या एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर 'हो' होतं, आणि खोटं त्यांना येत नव्हतं. शेवटी मीच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही घाटाकडे निघालो.

सातवीची परीक्षा झाली, मुलगे पास झाले, बाळ्याही झाला. मास्तरांनी त्या वर्षात पुन्हा काही मापलं नाही. पावसाचा डबा अंगणात उताणा पडलेला असायचा. वहिनी म्हणायच्या, "आधी यायच्या मापानं कंटाळली होती, आता यायच्या गप्प बसण्यानं कंटाळली." उन्हाळ्यात त्यांनी आपणहून बदली मागितली, अहेरीच्याही पलीकडे, जिथे कुणी जायला तयार नसतं तिथे. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. पण जायच्या आधी आम्हा दोघांना पार्बताच्या लग्नाचं बोलावणं आलं, डोमाजी स्वतः अक्षता घेऊन आला होता. मास्तर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले.

नवरा गडचिरोलीकडच्या कुठल्याशा गावचा, घरी खाऊन-पिऊन बरा. लग्न लागलं, जेवणं झाली आणि दुपार कलल्यावर वरात निघाली. गाड्या आमच्या काठाला उभ्या होत्या, तेव्हा नदी पायी उतरायची होती. नदी म्हणजे काय, वैशाखातली उमा. नुसती वाळू, आणि मधोमध घोट्याएवढ्या पाण्याची एक धार. आम्ही आधीच अलीकडे येऊन उभे होतो. मास्तरांनी वहाणा हातात घेतल्या होत्या.

पुढे डफडं आणि सनई, मागे पार्बता. हिरव्या पातळात, कपाळावर मुंडावळ्या, मान खाली. दोन बायकांनी तिला दोन्ही दंडांना धरलं होतं. पुढे तिचा मामा काठीनं पाणी चाचपत होता. मागून डोमाजी ओरडत होता, "सांभाळून! पोरीले सांभाळून! पाय घसरन तिचा!"

मास्तर पुढे झाले. "तिले येते," ते म्हणाले. डफड्यात कुणाला ऐकू गेलं नाही. ते अजून मोठ्यानं म्हणाले, "अरे बापा, तिले येते उतराले!"

धारेपाशी सगळे थांबले. काहीतरी बोलणं झालं. मग मामानं काठी दुसऱ्याकडे दिली, पार्बताला लहान पोरासारखी उचलून खांद्यावर घेतली आणि तो पाण्यात शिरला. बायका दोन्ही बाजूंनी तिचं पातळ वर धरत होत्या, ओलं होऊ नये म्हणून. तिनं एकदा मान वळवून खाली पाण्याकडे पाहिलं. तिचे पाय कोरडेच राहिले.

मास्तर वाळूत उभे होते. वरात आमच्यासमोरून गेली, गाड्या जुंपल्या, धूळ उडाली, तरी ते नदीकडेच पाहत होते.

"बाई," ते म्हणाले, "तिले येते न?"

मी म्हटलं, "हो मास्तर. येतं तिला."